कोल्हापुरात लोकर शोधताना

कोल्हापूर म्हटलं, की डोळ्यांपुढे काय येतं? तांबडा-पांढरा रस्सा, करकर वाजणारी चप्पल, अंबाबाई, रंकाळा आणि तालमीची लाल माती. शुक्रवारी रात्री निघायचं, दोन दिवस मनसोक्त ओरपायचं आणि सोमवारी लॉग-इनच्या आधी पुण्या-मुंबईत हजर. या लिस्टमध्ये लोकर कुठेच नसते. माझ्याही नव्हती. पण निघायच्या आदल्या दिवशी एका मैत्रिणीचा फोन आला. बाईसाहेब हिंजवडीत प्रोजेक्ट मॅनेजर आहेत, सातवा महिना चालू आहे आणि कॉलवर कॅमेरा बंद ठेवून त्या चक्क दोन सुयांचं विणकाम शिकतायत.

"तू कोल्हापूरला चाललीयस ना? तिकडे धनगर असतात. मला खरी लोकर आण. डिसेंबर-जानेवारीचं बाळ आहे, पहिलं स्वेटर प्युअर नॅचरलच करणार. ते प्लास्टिक नकोय मला."

लोकरीला ती प्लास्टिक का म्हणतेय, हे मला तेव्हा नीटसं कळलं नाही. महाद्वार रोडवर कळलं.

नवरात्रातला महाद्वार रोड म्हणजे चालायचं काम नाही, गर्दी ढकलेल तिकडे जायचं. ओटीचं सामान, बांगड्या, गजरे, मध्येच दर्शनाच्या रांगेचं शेपूट. त्यातून एका आतल्या गल्लीत शिरलं, की विणकाम-भरतकामाच्या सामानाचं एक छोटंसं दुकान. छतापर्यंत लोकरीच्या गुंड्या. पोपटी, राणी, मोरपंखी, आणि तो एक खास बेबी पिंक, जो जगातल्या प्रत्येक टोपऱ्यात असतो. मी म्हटलं, "खरी लोकर दाखवा."

"खरी म्हंजे? ही काय खोटी हाय व्हय?" दुकानदार काका हसले. गुंडीवरचं लेबल मात्र त्यांनीच माझ्याकडे फिरवलं. शंभर टक्के अॅक्रिलिक.

शेजारी एक मावशी रंग जुळवत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "गेली तीस वर्षं मी विणतो बघ. नातवंडांची, शेजारणींच्या नातवंडांची, सगळ्यांची स्वेटरं केली. आम्ही ह्यालाच लोकर म्हणतो." (कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात हे ज्यांना नवीन असेल त्यांनी एकदा तरी इथे येऊन कान तृप्त करून घ्यावेत.)

मावशींचं खरंच होतं. आपल्याकडे 'लोकर' हे आता वस्तूचं नाही, दुकानातल्या एका कप्प्याचं नाव झालंय. अॅक्रिलिक हा पेट्रोलियमपासून सुरू होणाऱ्या रसायनांचा धागा. 1950 च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने तो 'ऑर्लॉन' नावाने बाजारात आणला, तोच मुळी लोकरीची नक्कल म्हणून. नक्कल इतकी बेमालूम जमली, की अस्सल वस्तू दुकानातून गेली आणि तिचं नाव तेवढं मागे राहिलं.

काकांनी मग लायटर काढला. अॅक्रिलिकचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून पेटवला. भस्सकन पेट घेतला, काळा धूर, आणि टोकाला वितळून एक कडक काळा मणी. दुसरा तुकडा क्रोशाच्या सुती दोऱ्याचा. तोही पेटला, पण वितळला नाही. कागद जळाल्यासारखा वास आणि फुंकर मारली की उडणारी राखाडी राख. "मेंढीची लोकर आसंल तर क्यास जळल्यावानी वास येतोय, आन् ज्योत लांब केली की आपसूक विझती," काका म्हणाले. "पर ती आमी ठेवत न्हाई. महाग पडतीय, कसर लागतीय. कोण घेणार?"

ही परीक्षा घरी कुणालाही करता येते. सिंकवर, एका बोटभर धाग्यावर, शेजारी पाण्याचा मग ठेवून. 'वूल ब्लेंड' असं मोघम लिहिलेल्या ऑनलाइन गुंडीचा धागा जाळून बघा, ब्लेंडमध्ये वूल किती आहे ते नाकाला कळतं. शिक्काच हवा असेल तर वूलमार्कचं ते गुंडीसारखं चिन्ह 1964 पासून चालत आलंय, त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

अॅक्रिलिकची बाजूही ऐकून घ्यायला हवी. स्वस्त आहे, हलकं आहे, रंग पक्के, वॉशिंग मशीनमध्ये टाकता येतं, कसर त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. मावशींनी तीस वर्षं उगाच नाही वापरलं. पण अंगाला चिकटून दिवसभर घालायच्या कपड्यात त्याची एक अडचण आहे. त्याला घाम कळत नाही. सर्वसाधारण हवेत शंभर ग्रॅम कोरडी लोकर सुमारे सोळा ग्रॅम ओलावा आपल्यात मुरवून घेते, सुती धागा आठ ग्रॅम आणि अॅक्रिलिक जेमतेम दोन. म्हणजे आपल्या घामाचं करायचं काय, हा प्रश्न अॅक्रिलिक आपल्यावरच सोडून देतं. त्यात कोल्हापूर-पुण्याची थंडी ती केवढी! पहाटे पंधराच्या आसपास आणि अकरा वाजता पंखा. सकाळी टू-व्हीलरवर कुडकुडणारं बाळ दुपारी त्याच स्वेटरात घामाघूम होतं, आणि त्याला ते सांगताही येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या डोळ्यांआड होते. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने 2016 मध्ये कपडे धुऊन मोजणी केली होती. सहा किलो अॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांवर बारीक तंतू पाण्यात सुटतात, असा त्यांचा अंदाज. मैत्रिणीचं 'प्लास्टिक' ते हेच.

विणणं आणि विणणं

दुसऱ्या दिवशी गाडी पट्टणकोडोलीकडे वळवली. कोल्हापूरहून हुपरीच्या दिशेने, दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस. हुपरी चांदीच्या दागिन्यांची, तर तिच्या अलीकडची पट्टणकोडोली विठ्ठल-बिरदेवाची आणि घोंगड्यांची. दसऱ्यानंतर इथे बिरदेवाची यात्रा भरते. महाराष्ट्र-कर्नाटकातून धनगर येतात, भाकणूक होते आणि भंडाऱ्याने सगळं गाव, माणसं, रस्ते पिवळेधमक होऊन जातात. भंडारा-खोबऱ्याबरोबर इथे आणखी एक गोष्ट उधळली जाते. लोकर. आधीच्या दिवशी दुकानात शोधून न मिळालेली.

यात्रेला अजून दिवस होते. गाव शांत होतं. एका घराच्या पुढच्या खोलीत खड्डा-मागावर घोंगडं चढलेलं. विणणारे आजोबा खड्ड्यात पाय सोडून बसलेले, धोटा या हातातून त्या हातात. पायरीवर त्यांच्या घरच्या आजी चिंचोक्याची खळ ढवळत होत्या. ही खळ कुंच्याने उभ्या धाग्यांना पाजायची, म्हणजे धागा ताठ होतो, त्याचे केस बसतात आणि धोट्याच्या फेऱ्यांत तो तुटत नाही.

इथे मराठीची एक गंमत. मागावर बसलेले आजोबा विणतात आणि महाद्वार रोडच्या मावशीही विणतात. बुरूड टोपली विणतो, बाजही विणतात. सगळ्याला क्रियापद एकच! पण आजोबांचं विणणं आणि मावशींचं विणणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि धागा निवडायचा तो या फरकावरून. मागावर उभे-आडवे दोन वेगळे धागे एकमेकांना काटकोनात अडकतात, ताणून, ठोकून. सुयांवर एकच धागा आपल्याच फासातून पुढे सरकतो, सुलट-उलट, टाक्यातून टाका. म्हणून मागाचं कापड ताठ राहतं आणि सुयांचं ताणलं जातं. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे स्वेटरं घालतो? अंगातल्या टीशर्टची कड जवळून बघा. बारीक बारीक टाके दिसतील. टीशर्ट, बनियन, मोजे, लेगिंग, ट्रॅक पँट, सगळं मशीनवरचं सुलट-उलटच. आपल्या कपाटात आता मागाच्या कापडापेक्षा टाक्यांचं कापडच बहुतेक जास्त असेल, फक्त ते तिरुपूर नाहीतर लुधियानाहून येतं, म्हणून आपल्याला त्याचा विचार करावा लागत नाही.

मी आजोबांना बाळाच्या स्वेटरचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. उठले, आत गेले आणि एक घडी आणून माझ्या हातात दिली. "हे जावळाचं. गालाला लावा."

जावळ म्हणजे बाळाचे पहिले केस, हे आपल्याला माहीत असतं. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीलाही जावळच म्हणतात. सगळ्यात मऊ लोकर ती. जावळाच्या घोंगड्याला मान आणि किंमत दोन्ही जास्त. मी गालाला लावलं. उबदार, किंचित तुपकट, मेंढीचा हलका वास. आणि पाच सेकंदांत गाल चुरचुरायला लागला.

"आता बाळाला लावणार का?" आजींनी विचारलं.

चुरचुरण्याचं कारण साधं आहे. लोकरीचा तंतू किती जाड यावर सगळं असतं आणि ती जाडी मोजतात मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. तंतू तीस मायक्रॉनच्या पुढे गेला, की त्याचं टोक वाकत नाही, त्वचेला टोचतं. शंभरात पाच तंतू जरी असे जाड असले तरी बहुतेकांना ते जाणवतात. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढीचा चांगला तंतू वीसच्या आतबाहेर. लडाखच्या पश्मिन्याचा बारा ते पंधरा. आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीत मात्र तिशी ओलांडलेल्या तंतूंचीच गर्दी, मध्येच केसासारखे राठ तंतूही. 'लोकरीची अॅलर्जी आहे मला' असं म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना अॅलर्जी नसते, जाड तंतू टोचत असतात.

त्यात पुन्हा टाक्यांचं गणित. मेरिनोच्या तंतूला जन्मतःच बारीक बारीक लाटा असतात. ताणला की सरळ होतो, सोडला की मागे येतो. स्वेटरची बाही कोपरावर ताणून पुन्हा जागेवर येते ती या लाटांमुळे. दख्खनी तंतू सरळसोट. त्याला टाक्याच्या वळणात बसवला, तरी त्याची टोकं बाहेर येत राहतात. मागावर त्याला खळ पाजता येते, ठोकून बसवता येतं. सुयांवर कोण ठोकणार?

म्हणजे ही लोकर वाईट का? अजिबात नाही! तिचं काम वेगळं आहे. दख्खनची मेंढी काळ्या कातळावर, काट्याकुट्यांत, ऊन-पाऊस झेलत मैलोन्मैल चालते. तिच्या अंगावर मेरिनोचा मखमली कोट कशाला टिकेल? हाच राठ तंतू पाऊस लवकर आत येऊ देत नाही. घोंगड्याची खोळ करून माणसं पावसात शेतं करत आली ती त्यामुळे. आणि तिचा काळा, करडा, तपकिरी रंग मेंढीनेच दिलेला, रंगवायची गरजच नाही. आजोबांच्या समोरच्या घोंगड्याला रंगाचा एक थेंब लागला नव्हता. जमिनीवर अंथरा, योगा मॅट म्हणून वापरा (रबरी मॅटसारखी घसरत नाही आणि वासही मारत नाही), सोफ्यावर टाका. विणायचाच हट्ट असेल तर फुल शर्टावरून घालायचं जाड जाकीट करा. फक्त त्वचेपासून चार हात दूर.

आजोबांनी ते घोंगडं माझ्यासमोर पुन्हा घडी घातलं. नवीन घोंगडं खळीमुळे ताठ असतं, वापरून वापरून मऊ होतं, हे त्यांनी समजावलं. त्यांच्या घरी त्यांच्यानंतर माग कोण चालवणार, हे मी विचारलं. त्यांनी रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटरसायकलीकडे बोट केलं. मुलगा एमआयडीसीत शिफ्टला गेला होता आणि गाडी नातवाची होती.

मग सूतच

बाळापुरता लोकरीचा विषय तिथे संपला. उरलं सूत. आणि सुताच्या बाबतीत कोल्हापूरने लाजायचं कारण नाही. या जिल्ह्यात कापूस फारसा पिकत नाही, सगळी जमीन उसाने घेतलीय. कापूस येतो विदर्भ-मराठवाडा-खानदेशातून. पण शाहू महाराजांनी 1906 मध्ये शहरात सूतगिरणी काढली, कोटितीर्थाजवळची शाहू मिल. पिढ्यान् पिढ्या तिच्या भोंग्यावर कोल्हापूरची घड्याळं लागायची. मिल बंद पडून आता बरीच वर्षं झाली. 2022 मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीला तिच्या आवारात कार्यक्रम झाले, तेव्हा अनेक तरुण कोल्हापूरकरांनी तो दगडी परिसर पहिल्यांदा आतून पाहिला. त्याच्याही दोन वर्षं आधी, 1904 मध्ये, इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. आज त्या गावात बोलायचं तर मागांच्या खडखडाटावरून आवाज चढवून बोलावं लागतं.

इचलकरंजी सगळी मागाच्या कापडाची. तरी एका सूत व्यापाऱ्याकडे गेल्यावर मला माझं काम कळलं. तो म्हणाला, "विणायला कसलं सूत पाहिजे? मागाचं की होजिअरीचं?" मागावर उभा लावायचा धागा पिळदार हवा, त्याने ताण सोसायचा असतो. होजिअरीचा धागा कमी पिळाचा, म्हणून मऊ. कुठलंही सूत हातात घेतलं आणि दोन बोटांत सैल सोडलं, की ते स्वतःभोवती गिरक्या घेतं. फार गिरक्या घेतल्या तर ते विणायचं सूत नव्हे; त्याचं स्वेटर धुतल्यावर तिरकं होतं. महाद्वार रोडवरचा तो चकचकीत क्रोशाचा दोरासुद्धा याच कारणाने तोरणाला छान, टेबलक्लॉथला छान, पण बाळाच्या मानेला कडकच.

दुसरा प्रश्न नंबरचा. सुताचा नंबर, म्हणजे काउंट, जितका मोठा तितकं सूत बारीक. टीशर्टला साधारण तीसचं लागतं. हाताने विणायला मी दहाचं घेतलं, सहा पदर एकत्र. कोंबड घेतलं, म्हणजे आखूड तंतू विंचरून काढलेलं. तंतू लांब असले की टोकं कमी, आणि टोकं कमी म्हणजे टोचणं कमी, गोळे कमी. रंग? व्यापाऱ्याने मला बेबी पिंक दाखवला. मी कोरं, न रंगवलेलं घेतलं.

कोऱ्या सुताचं कारण मागे पंचगंगेत होतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची ही नदी कोल्हापूरच्या घाटावरून इचलकरंजीकडे येते आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वाटेत तिच्यात शहरांचं सांडपाणी उतरतं आणि कापडाच्या ब्लीचिंग-डाइंगचंही. ते कापड बहुतेक सुती असतं बरं का! 'नॅचरल' असं लेबल लावून आपण मोकळे होतो, पण गडद निळा सुती टीशर्ट आणि स्वच्छ नदी हे दोन्ही आपल्याला एकाच वेळी फुकटात मिळत नाही. कापसाच्या शेतावर पडणाऱ्या कीटकनाशकांचा विषय तर आणखी वेगळा. मला विचाराल तर धागा कुठला हा पहिला प्रश्न, आणि त्याच्यावर काय काय केलंय हा लगेच दुसरा.

सूत घेऊन स्वेटर करायला बसणाऱ्यांसाठी थोडं. सुताला लोकरीसारखी उसळी नाही. एकदा ताणलं की ताणलेलंच राहतं. म्हणून लोकरीला लावता त्यापेक्षा एक नंबर बारीक सुई घ्या, आणि मनगट-कमरेच्या पट्टीला त्याहूनही एक नंबर बारीक. आधी दहा सेंटिमीटरचा चौकोन विणा, गरम पाण्यात धुवा, वाळवा आणि मगच मोजा. कंटाळा आला तरी करा, नाहीतर स्वेटर बाळाला नाही, बाळाच्या बाबांना होईल. सूत लोकरीपेक्षा जड, ओलं झालं की आणखी जड, म्हणून दोरीवर लटकवू नका, आडवं पसरून वाळवा. जाळीची नक्षी टाळा, बाळाची बोटं अडकतात. गळा डोक्यातून सहज जाईल असा, किंवा सरळ पुढून उघडणारं झबलंच करा. आणि स्वेटरचंच काय अडलंय? सुताची कुंची विणून बघा की. डोकं, कान, पाठ सगळं एकात, घाम आला की क्षणात काढता येते. ज्यांनी कुणी कुंची शोधून काढली त्या बाईने आपली थंडी नीट ओळखली होती.

आपल्यासाठी, म्हणजे एसीत बसणाऱ्यांसाठी, निवड वेगळी. दिवसाला आठ-नऊ तास बाविसावर ठेवलेल्या एसीत पातळ मेरिनोचा कार्डिगन खरंच भारी काम करतो. घाम मुरवतो, दोन-चार दिवस वास येत नाही, बॅगेत मुठीएवढा होतो. महाग आहे, अॅक्रिलिकच्या कित्येक पट, म्हणून एकच घ्या आणि जपा. कसर लागू नये म्हणून ठेवणीत टाकण्याआधी धुऊन कडक वाळवा. कसर घामाच्या, जेवणाच्या डागांवर आधी येते. लोकर-सूत मिसळलेला धागा मिळाला तर पुण्या-कोल्हापूरला तो सगळ्यात शहाणा. लिननचे टाके उन्हाळ्यात गारेगार. लिनन म्हणजे आपली जवस, चटणीतली, तिच्याच झाडाच्या खोडाचा धागा (जात मात्र वेगळी). पण लिनन सुयांवर कडक वाटतं, नवशिक्यांनी त्याच्या नादी लागू नये.

आणि 'बांबू'? त्याच्या पॅकेटवर हिरवं पान असतं, पांडासुद्धा असतो. पण बाजारातला बहुतेक बांबू-धागा म्हणजे बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेलं व्हिस्कोस. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 मध्ये यावरूनच काही विक्रेत्यांना धारेवर धरलं होतं. व्हिस्कोसला व्हिस्कोस म्हणा, असं त्यांचं म्हणणं. मऊ असतो, वाईट नसतो. पण ज्यांना झाडावरून थेट सुईवर आलेला धागा हवाय त्यांनी पांड्याला भुलू नये.

बांधावरचा ढीग

परतताना पट्टणकोडोलीच्या अलीकडे एका रानात कळप बसला होता. शेतकरी खतासाठी धनगरांची मेंढरं रानात बसवून घेतात, त्याचे पैसेही देतात. पावसाळ्यानंतरची कातरणी चालू होती. एकाने मेंढी आडवी पाडून धरलेली, दुसरा कातर चालवत होता, आणि बांधाला काळ्या-करड्या लोकरीचा गुडघाभर उंच ढीग.

"हिचं काय करता?" मी विचारलं.

"काय करायचं? पूर्वी लोकर घ्याया माणसं वाड्यावर यायची. आता कातरणाऱ्याची मजुरी आमीच द्यायची आन् लोकर हितंच टाकायची. न कातरून चालत न्हाई, जनावर गरमीनं हैराण हुतंय."

कळपातली निम्मी मेंढरं दख्खनी दिसत नव्हती. उंच, पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके. माडग्याळी, सांगलीच्या जत तालुक्यातली. वजन झपाट्याने धरतात, बाजारात पैसे देतात, आणि अंगावर लोकर जवळजवळ नाहीच. ज्याला लोकर टाकून द्यावी लागते तो लोकर नसलेलीच मेंढी पाळणार, यात त्याचं काय चुकलं? तांबडा-पांढऱ्याच्या ताटात जे मटण येतं ते कुठल्या मेंढीचं, हे आपण कधी विचारतो का? पण दख्खनी मेंढी कमी होत गेली, तर पट्टणकोडोलीच्या मागावर चढवायला काय राहील? पायलीभर चिंचोके आणि रिकामा खड्डा.

"न्या की," तो धनगर म्हणाला. "पोतं भरून न्या. पैसं नगंत."

मी पोतं घेतलं. धुऊन, पिंजून त्याची उशी होते, असं पट्टणकोडोलीच्या आजींनी सांगितलं होतं. डोक्याखाली घ्यायला कुठलं मायक्रॉन चालेल ते चालेल, वर सुती अभ्रा असतोच. पोतं गाडीत टाकताना मी पाहिलं, ढिगातला एक मऊ पुंजका त्याने वेगळा काढून पटक्याच्या शेवात बांधला होता. कोकराचा होता.

"ह्यो न्हाई मिळायचा," तो म्हणाला. "ह्यो बिरदेवाचा."